पाणी जातंय कुठं?



आज पदार्थ नाही, व्रताची माहितीही नाही. आज गाडीबद्दल लिहिणार आहे. हसू नका. आपल्यात गाडी चालवणाऱ्या बायका आता घरटी एक तरी आहे, पण बॉनेट उघडून आत बघणाऱ्या किती? मी तरी त्यात नव्हते. आता आहे, आणि ते कसं झालं ते सांगायचं तर थोडी माझी लाजही सांगावी लागेल.

आमची गाडी लहान, पेट्रोलवरची, अकरा वर्षांची. हे दुकानाला स्कूटरवर जातात, त्यामुळं गाडी बहुतेक माझ्याच हातात. मुलीचा क्लास, सासूबाईंना अष्टमी-चतुर्दशीला मंदिरात नेणं, महिन्यातून एकदा बेळगावला नणंदेकडं. दशलक्षण पर्व संपलं, क्षमावणी झाली, त्याच्या पुढच्याच आठवड्यात एकदा काच पुसायचं पाणी भरायला म्हणून बॉनेट उघडलं, तर शेजारच्या कूलंटच्या पांढऱ्या बाटलीतली पातळी खालच्या रेघेच्याही खाली गेलेली. मी घरातून तांब्याभर पाणी आणलं आणि ओतलं. दहा-बारा दिवसांनी परत तेच. परत ओतलं.

आता हे ह्यांना का नाही सांगितलं? तीन वर्षांपूर्वी मिरजेत एका लग्नाच्या कार्यालयाबाहेर मागं घेताना माझ्याकडून गाडी फाटकाला घासली होती. पंगतीत दिरांनी सगळ्यांसमोर त्याची चेष्टा केली, सगळे हसले. हे काही बोलले नाहीत, पण पुढं आठ दिवस किल्ली ह्यांच्या खिशात राहिली. मागितली की "मी सोडतो ना" म्हणायचे. ते आठ दिवस मी विसरले नव्हते. गाडीत काही बिघाड आहे म्हटलं की पहिला प्रश्न "काय केलंस?" असा येणार, हे मला पक्कं ठाऊक. म्हणून गुपचूप पाणी ओतत राहिले. क्षमावणीला सगळ्यांची हात जोडून क्षमा मागून आठ दिवस झाले नव्हते, आणि मी लपवाछपवी सुरू केली होती. तेव्हा हे सुचलं नाही, आत्ता लिहिताना सुचतंय.

पाणीसुद्धा काय ओतायची, तर आईंसाठी गाळून उकळून ठेवलेलं. मला वाटायचं, याच्याहून शुद्ध काय असणार! आपल्या दृष्टीनं ते शुद्धच. पण आमचं पाणी बोअरचं. फडक्यातून जीव गाळले जातात, क्षार नाही. कुकरच्या तळाला बसतो तो पांढरा थर इंजिनाच्या आतही बसतो, हे मला नंतर कळलं.

एक सवय मात्र कामी आली. दुधाचा हिशोब मी कॅलेंडरवर लिहिते, तसा गाडीत पाणी घातल्याच्या दिवशी त्या चौकटीत एक बारीक टिंब टाकत गेले. का, ते मलाही सांगता येणार नाही.

मार्गशीर्षात बेळगावला निघालो. मी, आई आणि मुलगी. निघायलाच सव्वातीन झाले. आईंचं जेवण दिवस मावळायच्या आत, आणि मावळल्यावर पाणीसुद्धा नाही. वय ७६, रक्तदाबाची संध्याकाळची गोळी. ठरलं होतं की साडेपाचला कुठंतरी सावलीत थांबायचं, डब्यातली दशमी-चटणी खायची, गोळी घ्यायची आणि मग पुढं. उशीर झाला म्हणून मी जरा दामटली. निपाणी सोडली आणि तवंदीचा घाट चढायला लागलो, आपल्या स्तवनिधीचा घाट. आईंनी बसल्या जागेवरून पार्श्वनाथाला हात जोडले. मी काट्याकडं बघत होते, कारण काटा वर सरकत होता.

मग एकदम तो खाली आला. मी सुटकेचा श्वास टाकला. इथंच सगळ्यात मोठी चूक झाली. काटा दाखवतो तो पाण्याचं तापमान. पाणीच इतकं कमी झालं की सेन्सर कोरडा पडला, तर काटा खोटं बोलायला लागतो. पुढच्या दोन वळणांत हीटरमधून थंड हवा यायला लागली, गोडसर वास आला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ. कडेला घेतली, इंजिन बंद केलं.

सव्वापाच वाजले होते. मुलीची बाटली इचलकरंजीतच संपलेली. गाडीत पाणी म्हणून एकच वस्तू, आईंचा स्टीलचा डबा, त्यात लिटरभर उकळलेलं पाणी. आईंनी तो माझ्यापुढं धरला.

"ओत त्यात."

"आणि तुम्ही? गोळी?"

"एक दिवस राहीन. उपास काय मला नवे आहेत?"

उपास त्यांना नवे नाहीत हे खरंच. पण गोळी चुकवून, घाटात, थंडीत, रात्रभर पाण्याशिवाय? आणि ते लिटरभर पाणी तरी पुरणार होतं का, तेही माहीत नव्हतं. मी डबा परत त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी परत पुढं केला. अशी आमची ओढाताण चाललेली असताना मी चिडून ओढणीचं बोळकं केलं आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

"ओ ताई! हात काढा! भाजंल!"

मागं एक ट्रक थांबला होता. ड्रायव्हर पळतच आला. म्हणाला, घरात कुकर आहे ना? शिट्टी भरलेली असताना झाकण उघडता का? एवढंच. मला लगेच कळलं, आणि पाय थरथरायला लागले.

मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. गाडीची पाण्याची यंत्रणा म्हणजे कुकरच. कुकरमध्ये दाब वाढला म्हणून पाणी १०० ऐवजी १२० अंशाच्या आसपास उकळतं आणि डाळ लवकर शिजते. गाडीत त्याच दाबाचा उपयोग उलटा, पाणी उकळू नये म्हणून. रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग असते, त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो किती दाब धरायचा त्याचा. तापलेलं झाकण उघडलं की दाब एकदम जातो, आतलं पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. काटा वर जाताना दिसला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, म्हणजे इंजिनाची उष्णता थोडी तरी आत येते. मग सुरक्षित जागा बघून थांबायचं. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात नाही.

आम्ही थांबलो. पावणेसहा होत आले. आईंनी दशमी खाल्ली, त्यांच्याच डब्यातल्या पाण्यानं गोळी घेतली, पश्चिमेकडं बघत सावकाश पाणी प्यायल्या आणि त्याग घेतला. मग माझा श्वास खाली बसला. झाकण गार झालं तसा ड्रायव्हर आपल्या ट्रकमधला कॅन घेऊन आला. तो तिरका करणार, एवढ्यात आई म्हणाल्या, "थांब बाळा." आणि पिशवीतून पाणी गाळायचं फडकं काढलं.

त्या माणसाला काय वाटलं असेल कोण जाणे. पण त्यानं मुकाट्यानं फडक्याचं एक टोक धरलं, दुसरं मी, आणि हायवेच्या कडेला दुहेरी फडक्यातून आम्ही इंजिनासाठी पाणी गाळलं. झाल्यावर आईंनी विचारलं, हे पाणी कुठल्या विहिरीचं? जिवाणी परत तिथंच सोडायला हवी. तो म्हणाला, पेट्रोल पंपाच्या नळाचं. आई गप्प बसल्या. शेवटी फडकं थोड्या गाळलेल्या पाण्यानं त्याच्याच कॅनमध्ये धुतलं आणि बजावलं, "उरलेलं पंपावर जाऊन ओत हां." तो "हो आज्जी" म्हणाला. ओतलं असेल असं मी मानते.

उतारावरून हळूहळू निपाणीत परत आलो, एका नातेवाइकांकडं राहिलो. सकाळी हे आले. पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणंच, पण मी धरला होता तसा रागाचा नाही. "कधीपासून होतंय?"

"कालच. अचानक तापली."

आई शेजारी बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

घाबरतच गाडी जयसिंगपूरला आणली आणि जवळच्या गॅरेजला दिली. त्यांना सांगितलं तेच, अचानक तापली. अचानक तापली म्हणजे थर्मोस्टॅट अडकला असेल, असं त्यांनी धरलं. तेलाचं झाकण उघडून खाली साय आली आहे का बघितलं, तेल स्वच्छ होतं. म्हणाले, गॅस्केट शाबूत आहे. थर्मोस्टॅट बदलला, कूलंट भरलं, पैसे घेतले. त्यांची चूक म्हणवत नाही. डॉक्टरला आपण कालपासूनच दुखतंय असं सांगितलं, तर तो कालचंच औषध देणार.

पाच दिवसांत सांगलीहून येताना काटा परत चढला. ह्यांनी दुसऱ्या मेस्त्रींकडं नेली, वयस्कर, ह्यांच्या वडिलांच्या ओळखीचे. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. स्टुलावर बसून विचारायला लागले. गावात तापते की मोठ्या रस्त्याला? गर्दीत उभी असताना तापली आणि पळताना थंड झाली तर पंखा बघायचा. चढाला, वेगात तापते तर पाणी कमी पडतंय, किंवा फिरत नाही, किंवा आत कुठं जातंय. खाली डबकं दिसतं का? पायाखालचा गालिचा ओला होतो का? आतून काचेवर चिकट धुकं धरतं? सकाळी धूर पांढरा येतो का? थंडीत पहिली दोन मिनिटं येणारच, त्याचं काही नाही, पण गाडी तापल्यावरही येत राहतो का, गोड वास येतो का? मी उत्तरं देत होते. बहुतेकांना नाही.

"आणि वहिनी, पाणी कधीपासून कमी होतंय?"

हे म्हणाले, "पंधरा दिवस झाले असतील."

मेस्त्री माझ्याकडं बघत राहिले. ते विचारत होते मला. हातात रुमाल होता, त्याची घडी घातली, उलगडली. आपण प्रतिक्रमणात ज्या चुका म्हणून जातो त्या सगळ्यांच्या असतात, म्हणून त्या म्हणायला सोप्या जातात. ही फक्त माझी होती आणि ऐकणारे समोर उभे होते. मी म्हटलं, "कॅलेंडरवर लिहिलंय. अडीच महिने झाले."

घरी जाऊन कॅलेंडर आणलं. ह्यांनी ते हातात घेतलं, पानं उलटली. टिंबं मोजली असावीत. माझ्याकडं बघितलं नाही, मेस्त्रींच्या हातात दिलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

मेस्त्रींचा चेहरा मात्र खुलला. म्हणाले, हे आधी का नाही दाखवलं? आधी दहा-बारा दिवसांनी एक टिंब, मग आठ, मग चार. आणि ज्या आठवड्यात बेळगावला किंवा सांगलीला गेलो तिथं दोन-दोन. गावातल्या गावात फिरले तेव्हा जवळपास काहीच नाही. म्हणजे गळती आहे, हळूहळू वाढत गेलेली आहे, आणि दाब वाढल्यावरच होते. उभ्या गाडीखाली डबकं सापडणारच नाही. थेंब गरम इंजिनावर पडतो आणि तिथंच वाळतो.

वाळला तरी खूण ठेवतो. त्यांनी आरसा आणि बॅटरी घेऊन पाण्याच्या पंपाखाली दाखवलं. पंपाच्या अंगाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील झिजलं की पाणी तिथून बाहेर यावं म्हणून. त्या भोकाखाली हिरवट पांढरा ओघळ वाळलेला, दह्याच्या भांड्याला कडेनं धरतो तसा. मूळ रोग हा. अडीच महिन्यांपूर्वी सांगितलं असतं तर फक्त पंप बदलून भागलं असतं.

पण ते तिथं थांबले नाहीत. गार इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप लावला, घड्याळासारखा काटा असलेला, आणि झाकणावरच्या आकड्याएवढा दाब भरला. काटा उतरायला लागला. पंपातून थेंब येत होते, पण काटा उतरत होता त्या मानानं कमी. मग त्यांनी चारही स्पार्क प्लग काढून फडक्यावर ओळीनं मांडले. तीन तपकिरी, एक पांढराशुभ्र, जणू घासलेला. मला वाटलं तो चांगला. ते म्हणाले, तोच वाईट. त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय, वाफेनं धुऊन निघालाय. शेवटची खात्री म्हणून इंजिन चालू करून रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरली. पाण्यातून जळालेल्या पेट्रोलचा वायू येत असेल तर तो द्रव पिवळा होतो. बघता बघता झाला. लिटमसच्या प्रयोगासारखं, मुलगी असती तर खूश झाली असती.

म्हणजे हेड गॅस्केटही गेलं होतं. आणि तेल स्वच्छ होतं ते? गॅस्केट तेलाच्या वाटेपाशी फाटलं तर तेलात साय येते. आमचं सिलिंडर आणि पाण्याच्या वाटेमध्ये फाटलं होतं, तेलाचा संबंधच नाही. तेल स्वच्छ म्हणून गॅस्केट ठीक, असं कुणी सांगितलं तर एवढ्यावर समाधान मानू नका.

हेड काढलं, तापून किंचित वाकलं होतं, फेसिंगला पाठवलं. आतल्या वाटांमधला पांढरा थर मेस्त्रींनी नखानं खरवडून दाखवला. "हे तुमचं शुद्ध पाणी," म्हणाले. कूलंटमध्ये अर्धं पाणी घालायचं ते डिस्टिल्ड, बॅटरीचं मिळतं तसलं. नुसत्या पाण्यानं गंजही चढतो आणि ते लवकरही उकळतं.

खाली मोठ्या तसराळ्यात जुनं कूलंट काढून ठेवलं होतं, हिरवं, सरबतासारखं. गॅरेजमधलं कुत्र्याचं पिल्लू त्याच्याकडं निघालं तसं मी पत्रा उचलून वर ठेवला. ते गोड लागतं म्हणून जनावरं चाटतात, आणि ते विष आहे, थोड्यानंही मूत्रपिंड निकामी होतं. मेस्त्रींनी तेव्हाच डब्यात भरून झाकण लावून घेतलं. आपल्या अंगणात कधी असं सांडलं तर पाण्यानं गटारात ढकलू नका. राख किंवा वाळू टाकून टिपून घ्या आणि पिशवीत बांधून ठेवा. हे मात्र मी आमच्या महिला मंडळातही सांगितलंय.

खर्च किती आला ते लिहीत नाही. माझ्या भिशीचे सगळे गेले, वर ह्यांचेही. दोन दिवस घरात आम्ही कामापुरतंच बोललो. तिसऱ्या दिवशी रात्री हे म्हणाले, "ते आठ दिवस किल्ली मी ठेवली होती, म्हणून ना?" मी हो म्हटलं. पुढं बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मग ते उठले आणि किल्ली दाराच्या खिळ्याला अडकवून आले.

आईंना नंतर मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? त्या वाती वळत होत्या. म्हणाल्या, "माझं पाणी रोज तांब्याभर कमी व्हायचं. मला वाटलं, तुला तहान जास्त लागायला लागली."

गाडी येऊन सहा आठवडे झाले. दर सोमवारी सकाळी गार इंजिन असताना बॉनेट उघडते, पातळी बघते, कॅलेंडरवर लिहिते. आता ते टिंब नाही, सरळ "गाडी, ठीक" असं, सगळ्यांना वाचता येईल अशा अक्षरात. परवा बेळगावला जायचंय, या वेळी सकाळी. आईंनी दोन डबे आत्ताच काढून ठेवलेत. एकाला लाल दोरा बांधलाय, तो त्यांचा. दुसरा गाडीचा, त्यात डिस्टिल्ड. तोही त्या गाळून घेणार होत्या, नको म्हणून सांगायला मला चांगली दहा मिनिटं लागली.